लाकडावरचा तिरपा उजेड

लाकडी वस्तूचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नव्हे, उजेड समोरून आल्यामुळे. सागवानी पाटावरच्या शिरा, रंध्याने आणलेली सफाई, कोपऱ्यातला घट्ट सांधा, कोरलेल्या पाकळीची खोली हे सगळे डोळ्याला जाणवते ते बारीक बारीक सावल्यांमुळे. मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्याच्या उजेडाने पडणारी सावली वस्तूच्या मागेच दडते, लेन्सला ती दिसतच नाही. पाट रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट दिसू लागतो, आणि वर पॉलिश असेल तर मधोमध पांढराशुभ्र डाग उमटतो. चांगल्या सुताराची महिनाभराची मेहनत अशा एका फोटोत मातीमोल होते.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले केनवड किंवा त्याच्यासारखे कुठलेही गाव घेतले, तर सुताराकडचे काम गेल्या दोन पिढ्यांत किती बदलले ते दिसते. तिफण, वखर, बैलगाडीची चाके यांची मागणी ट्रॅक्टरने ओसरली. देव्हारे, चौरंग, पाळणे, दारांच्या चौकटी, पोळपाट आणि मुलांचे लाकडी बैल ही कामे राहिली. यांतली बरीचशी आता गिऱ्हाईक आधी मोबाईलवर पाहते, मग विचारते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या मदतीबरोबरच मालाच्या विक्रीला, ऑनलाइन बाजारात उतरायला साहाय्य करणे हाही त्या योजनेचा भाग आहे. तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. फोटोवरच व्यवहार ठरतो.

त्यासाठी लागणारे मुख्य ज्ञान सुताराकडे आधीपासूनच असते. फळी रंधून झाली की तो ती डोळ्याच्या पातळीला आडवी धरतो आणि तिच्यावरून दाराकडे नजर टाकतो. फळीला लागून येणाऱ्या त्या तिरप्या उजेडात रंध्याचा राहिलेला उंचवटा, काचपेपरचा ओरखडा, फळीला आलेला बाक लगेच कळतो. वरून पाहिले तर यातले काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यालाही हाच उजेड हवा असतो. जुन्या वस्तूंवरच्या अवजारांच्या खुणा अभ्यासण्यासाठी संग्रहालयांतले तज्ज्ञसुद्धा उजेड असाच एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून सोडतात. विक्रीच्या फोटोत इतका टोकाचा तिरपेपणा नको, कारण मग लाकडापेक्षा ओरखडेच जास्त बोलू लागतात. उजेड वस्तूच्या एका बाजूने, थोडा वरून आणि शक्य तर किंचित मागून यावा. एवढे साधले की निम्मे काम झाले.

असा उजेड देणारी सर्वांत चांगली जागा म्हणजे घराचे किंवा दुकानाचे उघडे दार. दाराच्या उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत, दार डाव्या किंवा उजव्या हाताला येईल अशा बेताने वस्तू ठेवायची आणि फोटो काढणाऱ्याने दाराला समांतर उभे राहायचे. दार उंच आणि रुंद असते, म्हणून जवळ ठेवलेल्या वस्तूच्या दृष्टीने तो फार मोठा दिवा ठरतो. मोठ्या दिव्याच्या सावल्यांच्या कडा मऊ असतात. तीच वस्तू पंधरा फूट आत, भिंतीशी नेली तर तेच दार लहान झरोक्याइतके भासते, उजेड झपाट्याने कमी होतो आणि मोबाईल अंधार भरून काढण्याच्या नादात फोटोत दाणे आणतो. दिवा मुळात केवढा आहे, यापेक्षा वस्तूच्या जागेवरून तो लहान दिसतो की मोठा, हा प्रश्न सावलीसाठी महत्त्वाचा आहे. सूर्य प्रचंड असूनही इतका दूर आहे की आकाशात तो नाण्याएवढा दिसतो. म्हणून उघड्या उन्हातली सावली काळी आणि धारदार पडते.

दार कुठल्या दिशेचे, याला या भागात विशेष अर्थ आहे. केनवडचा परिसर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर येतो. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या दारातून ऊन कधीच आत येत नाही. येतो तो फक्त आकाशाचा उजेड, आणि तो तासन् तास जवळपास सारखा राहतो. दहा-वीस वस्तूंचे फोटो एकाच दिवशी, एकाच तऱ्हेचे काढायचे असतील तर हिवाळ्यातल्या उत्तर दाराला तोड नाही. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशच वर चढतो, म्हणून दक्षिण दारातून ऊन बरेच आतपर्यंत पसरते. तिथे उन्हाच्या पट्ट्यात वस्तू ठेवू नये. पट्टा संपतो त्याच्या पलीकडे ठेवावी, नाहीतर दारावर जुने पांढरे धोतर दुहेरी करून ताणून बांधावे. ऊन धोतरावर पडते आणि धोतरच दिवा बनते. शहरातले छायाचित्रकार हजारो रुपयांच्या सॉफ्टबॉक्समधून जे मिळवतात ते याहून फार वेगळे नसते.

उन्हाळ्यात गणित बदलते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुपारी सूर्य या भागात थेट डोक्यावर येतो, मग जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. माथ्यावरची वेळही घड्याळातल्या बाराची नसते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि वाशीम जिल्हा त्याच्या बराच पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास होते. त्या वेळी अंगणात ठेवलेल्या स्टुलाचा माथा पांढरा पडतो आणि पाय अंधारात बुडतात. सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर ऊन तिरपे असते. तेव्हा मोठी वस्तू, उदाहरणार्थ दाराची चौकट किंवा बाज, घराच्या सावलीत पण मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभी केली तर चांगला फोटो मिळतो.

विदर्भातल्या लाकडी बैलांचा हंगाम मात्र नेमका उजेडाच्या सोयीचा आहे. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. म्हणजे बैल घडवायचे, रंगवायचे आणि विकायचे ते दिवस पावसाळ्याचे. आभाळ भरलेले असले की सगळे आकाशच एक दिवा होते. अशा दिवशी पडवीच्या कडेला बैल ठेवला तर ना काळी सावली, ना झळाळणारे डाग. एकच उणीव राहते: ढगाळ उजेड सगळीकडून येतो, म्हणून आकार थोडा बोथट दिसतो. बैलाच्या शेपटीकडच्या बाजूला काळे कापड किंवा काळी छत्री उभी केली की त्या बाजूचा उजेड अडतो, आणि वशिंडाचा उंचवटा, पोटाची गोलाई, खुरांची खाच पुन्हा उठून दिसते. उजेड बैलाच्या तोंडाकडून यावा. मोबाईल बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, त्यासाठी जमिनीवर बसावे लागले तरी हरकत नाही. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत बैल खेळण्यासारखा दिसतो. डोळ्यांच्या रेषेतून काढला की त्याला बैलाचा रुबाब येतो.

पावसाळ्यातच एक चूक सर्रास होते. पडवीवर निळी ताडपत्री किंवा अंगणावर हिरवी शेडनेट बांधलेली असते आणि फोटो तिच्याखाली काढला जातो. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड सागवानाला मळकट, निळसर करतो. हिरव्या जाळीखाली सगळेच लाकूड आजारी दिसते. हिरव्या किंवा निळ्या चुन्याने रंगवलेल्या भिंती आणि फोटो काढणाऱ्याचा लाल शर्टसुद्धा आपला रंग वस्तूवर सांडतात. आसपास पांढरे, करडे किंवा मातकट काही असावे. मागे फुलाफुलांची चादर लावण्याचा मोहही टाळलेला बरा; लाकडाची स्वतःची नक्षी तिच्यात हरवते.

दारापासून दूर असलेली वस्तूची बाजू नेहमी जास्त काळी पडते. तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा फूटभर अंतरावर उभा केला की उजेड परतून सावलीत जातो. तुकडा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. सावली पूर्ण पुसू नये. तिच्यामुळेच चौरंगाच्या पायाला गोलाई येते.

आता पॉलिशचा प्रश्न, आणि लाकडाच्या फोटोत खरा कस इथेच लागतो. अळशीचे तेल किंवा मेण लावलेला पृष्ठभाग उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून तो सोपा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश किंवा वरचे मेलामाइन, पीयू यांचे थर आरशासारखे वागतात: उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. देव्हाऱ्याच्या चकचकीत पाटीवर पांढरा डाग दिसतो तो लाकडाचा दोष नसतो, ते दाराचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब असते. दिवा मंद करून किंवा मोबाईलचा उजेड कमी करून ते जात नाही. उभे राहण्याची जागा दोन पावले सरकवावी किंवा देव्हारा थोडा फिरवावा, प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला जाते. सगळेच घालवायचेही नसते. एखाद्या कडेवर मऊ चमक राहिली तर पॉलिश किती गुळगुळीत आहे ते समजते. पोलराइज्ड गॉगलची काच लेन्सपुढे धरून फिरवली तरी चमक बरीच कमी होते. पृष्ठभागाकडे साधारण तीस-पस्तीस अंशांच्या कोनातून पाहताना हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो. समोरून सरळ पाहिले तर जवळजवळ शून्य.

लाकूड आणखी एक गंमत करते. त्याचे तंतू सगळीकडे सारख्या दिशेने जात नाहीत. काही ठिकाणी ते वर येतात, काही ठिकाणी खाली बुडतात. त्यामुळे सागवानाची एकच फळी एका टोकाकडून पाहिली तर सोनेरी आणि दुसऱ्या टोकाकडून पाहिली तर काळपट दिसते. दारात ठेवलेला पाट सावकाश एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा: शिरांमधून प्रकाशाची एक लाट सरकत जाते, आणि एका ठरावीक जागी गाठीभोवतीची वळणे एकदम उजळतात. फोटो त्या जागी काढायचा. दोन फळ्या जोडलेल्या असतील तर एक फिकी आणि एक गडद दिसण्याचे कारणही बऱ्याचदा हेच असते, आणि पाट फिरवल्यावर ती अदलाबदल झाली तर खात्री पटते. नुकत्याच रंधलेल्या सागवानाचा रंग हिरवट, ठिपकेदार असतो. काही दिवस उजेड लागल्यावर तो सोनेरी तपकिरीवर येतो. त्याआधी घाईने काढलेला फोटो वस्तूवर अन्याय करतो.

रात्री काम करावे लागले तर दिवा एकच घ्यावा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात कृत्रिम प्रकाश वापरला, तोवर आपल्याकडचे चित्रण सूर्यावरच अवलंबून होते. कारागिरांच्या घरातल्या या माणसाचे मूळ आडनाव मेस्त्री. लाकूड, रंग, कॅमेरा आणि दिवा हे सगळे एका हातात कसे नांदू शकते याचे याहून चांगले मराठी उदाहरण नाही. एका एलईडी बल्बपुढे तेच धोतर ताणून, दिवा बाजूने आणि वरून ठेवला की काम भागते. बल्बच्या खोक्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला उजेडाच्या छटेचा: ६५०० के (केल्विन) असेल तर उजेड निळसर पांढरा, २७०० ते ३००० के असेल तर पिवळसर. दिवसाचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र कधीच वापरू नये, कारण वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते आणि नंतर ती दुरुस्त करता येत नाही. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा. तो नव्वदच्या वर असावा. कमी दर्जाच्या दिव्यात लाल छटा मरते आणि शिसम नुसता काळा दिसतो.

मोबाईलच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. लेन्स पुसून घ्यावी. फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो खुर्चीच्या पायांच्या कडा खातो. अगदी जवळून काढले की पुढचा कोपरा फुगतो. दोन पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा. वस्तूवर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात, मग शेजारच्या सूर्याच्या खुणेने कमीजास्त करता येते. पांढऱ्या भिंतीपुढे मोबाईल लाकूड नेहमी काळे करतो, तिथे उजेड थोडा वाढवावा. काळ्या कापडापुढे उलट.

सर्वांत जास्त काळजी रंगाची घ्यावी. नारिंगी-तपकिरी वस्तूने चौकट भरली की मोबाईलला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळे निळसर करतो. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून रंग जुळवून घ्यावेत. मग दारातल्याच उजेडात मोबाईल वस्तूच्या शेजारी धरून पडद्यावरचे लाकूड आणि समोरचे लाकूड एकत्र पाहावे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने जो रंग पाहून पैसे दिले तोच त्याच्या घरी पोहोचला पाहिजे. दोन्ही रंग जुळत नसतील तर तो फोटो पाठवू नये, पुन्हा काढावा.