काटा नेमका कधी पडतो?

हळदीचं पॉलिश चालू असताना ट्रॅक्टर जागचा हलत नाही. मागे पीटीओला, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या दांड्याला, ड्रम जोडलेला असतो, आत वाळलेली हळकुंडं एकमेकांवर घासत असतात आणि इंजिन तासन्‌तास एकाच चालीवर घुमत राहतं. रस्त्यावरच्या गाडीत किती किलोमीटर झाले यावरून तेलाचा अंदाज बांधता येतो. इथं तोही आधार नाही. डिझेल किती उरलं हे बसल्या जागी सांगणारा एकच, समोरचा काटा. वसमत, कळमनुरी, औंढ्याच्या शिवारात हंगामात हे ड्रम रात्रीही फिरतात, आणि अशा वेळी तो काटा अर्ध्यावरून धपकन खाली पडून पुन्हा आपोआप वर यायला लागला, की माणूस पहिल्यांदा दचकतो, दुसऱ्यांदा शिवी घालतो आणि तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघायचंच सोडतो.

त्यात खरंच डिझेल संपलं तर नुसतं कॅन ओतून भागत नाही. पाइपात हवा शिरते. ‘एअर घेतली’ म्हणतात ते हेच. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करा, हातपंप मारत बसा, फेस जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत वाट बघा. तोवर ड्रममधला माल तसाच आणि मजूर बसून.

हिंगोलीत ऑटो वायरिंगचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीच्या टपरीवर असाच एक ट्रॅक्टर आला होता. मालकानं येतानाच निदान करून आणलं होतं. “मिस्त्री, फ्लोट गेलाय. नवा टाकून द्या.” मिस्त्रीनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि विचारलं, “पडतो तेव्हा काटा कुठं पडतो? रिकाम्यावर, का फुल्लवर?”

मला वाटतं, त्या दिवसाचं निम्मं काम या एका प्रश्नानं झालं. टाकीतला फ्लोट म्हणजे दांडीच्या टोकाला तरंगणारा डबा. दांडीच्या दुसऱ्या टोकाला तांब्या-पितळेची बारीक जीभ असते आणि ती तारेच्या वेटोळ्यांवरून सरकते. डिझेल कमी-जास्त झालं की जीभ सरकते, वाटेतला विरोध बदलतो, काट्याकडून टाकीकडे जाणारा करंट बदलतो. या ट्रॅक्टरमध्ये टाकी भरली की विरोध कमी आणि रिकामी झाली की जास्त. (काही कंपन्यांच्या गाड्यांत बरोबर उलटं असतं, म्हणून आधी हे बघून घ्यावं लागतं.) याचा अर्थ, काटा रिकाम्याकडे पडत असेल तर कुठंतरी वाट तुटते आहे. फुल्लकडे उडत असेल तर फ्लोटची वायर सोलपटून बॉडीला लागते आहे. मालकाचा काटा रिकाम्यावर पडत होता. शेजारच्या टेम्परेचरच्या काट्याचं काय, असं विचारल्यावर कळलं, तो मजेत स्थिर असतो. म्हणजे दोन्ही काट्यांना मिळून येणारा सप्लाय ठीक आहे; भानगड डिझेलच्या काट्यापासून टाकीपर्यंत, किंवा टाकीपासून परत बॅटरीपर्यंत.

खराबी सलग असेल तर ती शोधणं सोपं. ही अधूनमधूनची जात मात्र टपरीवर येईपर्यंत शहाण्यासारखी वागते. चावी फिरवली, काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. मालकाचा चेहरा पडला. “रानात तर लई नाचायलाय हो.” मिस्त्रीनं वायरिंगची गुंडी हातानं हलवली, कपलर दाबून-ओढून पाहिले, टाकीवर बुक्की मारली. काही नाही. मग त्यानं मालकालाच वर बसवलं. “पॉलिशला ठेवता तेवढीच रेस ठेवा. कमी नको, जास्त नको.” रेस हळूहळू चढली आणि एका ठराविक चालीवर, बॉनेट ज्या आवाजानं थरथरतं त्या आवाजाला, काटा कोसळला. रेस थोडी वाढवली की वर. पुन्हा तीच रेस, पुन्हा खाली.

खराबी हवी तेव्हा बोलावता यायला लागली की तिला पकडणं फार अवघड नसतं. तोपर्यंत जो सुटे भाग बदलत सुटतो तो गिऱ्हाइकाचा पैसा घालवतो, हे माझं मत मी बऱ्याच टपऱ्या पाहून बनवलं आहे. नवा भाग बसवताना चार जोड हलतात, दोन दिवस सगळं ठीक चालतं, आणि तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा पडतो.

टाकी रबरी गाद्यांवर बसवलेली असते, त्यामुळे चेसीपासून ती तुटलेलीच. फ्लोटचा करंट परत जायला टाकीपासून चेसीपर्यंत एक वेगळी अर्थची वायर असते. मिस्त्रीनं एक लांब वायर घेतली, एक टोक फ्लोटच्या स्क्रूला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. तीच रेस. काटा हलेना. वायर काढली, काटा पडला. लावली, स्थिर. हे त्यानं मालकाला खाली उतरवून, स्वतः वर बसून पुन्हा करून दाखवलं. मग अर्थच्या वायरचा बोल्ट खोलला. हंगामाआधी ट्रॅक्टर रंगवून घेतला होता, आणि वायरचा थिंबल त्या नव्या चकचकीत रंगावरच आवळलेला होता. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, तेही लागला तर लागला. पॉलिश पेपरनं रंग खरवडून उघडं लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं.

मालक पैसे काढायला लागला तर मिस्त्री म्हणाला, “थांबा, आता फ्लोट बघू.” बॅटरीचं टर्मिनल सोडलं, टाकीवरचे स्क्रू काढले आणि फ्लोट फडक्यावर घेतला. त्याच्याकडे डिजिटल मीटरही आहे, पण त्यानं काढला तो जुना काट्याचा. आकड्याचा मीटर सरासरी काढत बसतो, क्षणभराची तूट त्यात दिसत नाही. काट्याला मात्र झटका बसतो. फ्लोटची दांडी त्यानं अगदी सावकाश वर नेली. मीटरचा काटा लोण्यासारखा सरकत आला आणि अर्ध्याच्या जरा खाली टुणकन उडाला. परत खाली, परत वर, त्याच जागी. तारेची वेटोळी तिथं झिजून चपटी झाली होती. टाकी बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपास राहते आणि इंजिनच्या थरथरीनं जीभ त्याच जागी घासत राहते. तेव्हा मालकाचं निदानही अगदीच वाया गेलं नव्हतं. जीभ किंचित वाकवून तिला वेटोळ्यांच्या कोऱ्या भागावर आणलं. “हंगाम निघेल. मग नवा टाका.”

हिंगोलीत धावपट्टी नाही. विमान पकडायला नांदेड किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. पण घरी बांधलेल्या छोट्या विमानांतही पुष्कळदा असाच फ्लोट, अशीच जीभ आणि अशीच अर्थ असते. आपल्याकडे हा उद्योग कॅप्टन अमोल यादव यांनी केला. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशी विमानं बांधणाऱ्यांपैकी जे फायबरची टाकी वापरतात त्यांना अर्थ हमखास गाठते, कारण फायबरमधून करंट जात नाही आणि फ्लोटला स्वतंत्र वायर ओढावीच लागते. जुन्या पायपर कब विमानात ही कटकटच नव्हती. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली, तिच्या खाली बूच तरंगतंय. पायलट समोर काचेतून ती तार किती वर आहे ते बघायचा.

मोठ्या विमानातही एक कच्चा डाग पुरतो. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधन मोजणाऱ्या यंत्रात एका कॉइलचं सोल्डरिंग कच्चं होतं. आदल्या रात्री एडमंटनच्या तंत्रज्ञानं दोनपैकी बिघडलेल्या चॅनलचा ब्रेकर ओढून ठेवला होता, आणि तेवढ्यावर काटे चालू होते. मॉन्ट्रियलला दुसऱ्या एकानं तपासण्यासाठी तो ब्रेकर परत दाबला, तेवढ्यात त्याला दुसरीकडे लक्ष द्यावं लागलं, आणि सगळे काटे कोरे झाले. मग काडीनं मोजायचं ठरलं. मोजलं बरोबर, ७,६८२ लिटर. चूक झाली हिशेबात: एका लिटरचं वजन साधारण ०.८ किलो धरायच्या ऐवजी १.७७ धरलं, जो आकडा पौंडांचा होता. वीस हजार लिटर घालायच्या जागी पाच हजारांच्याही आत इंधन भरलं गेलं. ४१,००० फुटांवर असताना इंधनाच्या इशाऱ्याचे दिवे लागले, थोड्या वेळात दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टन पिअर्सन यांना हौसेनं ग्लायडर चालवायची सवय होती. त्यांनी विमान तरंगत गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, तिथं तेव्हा मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. आतले ६९ जण वाचले.

मिस्त्रीला ही हकिगत सांगितली तर त्याला ब्रेकरचा भाग फार आवडला. “बघा, चालू होतं तेवढं चालू ठेवलं आणि पुढच्याला नीट सांगितलं नाही. आमच्याकडे रोज हेच.” काडीचं ऐकून मालक हसला. त्याच्याकडे टाकीत घालायला तुराटी असतेच, खुणा केलेली. ती टाकून देऊ नका, असं मिस्त्रीनं त्याला बजावलं. नवा फ्लोट बसवल्यावरसुद्धा.

नवा फ्लोट कसा बसवणार हेही तेव्हाच ठरलं. टाकी पूर्ण रिकामी करायची, ट्रॅक्टर सपाटीवर उभा करायचा, पाच-पाच लिटर मोजून ओतायचं आणि दर वेळी काचेवर काट्यासमोर बारीक खूण करायची. टाकी चौकोनी नसते, खाली निमुळती असते, म्हणून वरचं अर्धं आणि खालचं अर्धं यांत सारखं डिझेल बसत नाही. वरचं अर्धं संपायला सकाळ लागत असेल तर खालचं अर्धं त्याच्या आत संपतं. विमान बांधणारेही काटा बसवताना टाकी अशीच मोजून भरतात, आणि रिकाम्याची खूण टाकीच्या तळाशी न करता, इंजिनला मिळू शकतं तेवढं इंधन संपतं तिथं करतात. ट्रॅक्टरच्या तळाशी गाळ आणि पाणी साचतं, ते इंजिनला द्यायचं नसतंच. तेव्हा त्या काचेवरचं शून्यही दोन बोटं वरच धरायचं, असं ठरवून मालकानं दीडशे रुपये दिले आणि गाडी वसमतच्या रस्त्याला लावली.