होडीतील मासळीची मोजणी

कारवार-गोव्याकडून घाट चढून आलेला बांगडा आपण बेळगावच्या बाजारात घासाघीस करून घेतो. पण त्या दिवशी किनाऱ्यावर एकंदर मासळी किती उतरली, हे सांगायचे कोणी आणि कशावरून? आपल्याकडे १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था हे काम नमुना पाहणीने करते. मोठ्या बंदरात लिलाव होतो, टोपल्या मोजता येतात. खरी अडचण लहान होड्यांची. त्या कोठेही वाळूवर लागतात, मासळी घटकाभरात वाटली जाते, आणि अनेक देशांच्या सरकारी वहीत तिची जागा कोरीच राहते. बंदी कधी घालावी, मदत कोणाला द्यावी, हे ठरताना ज्यांचा आकडा आहे त्यांचेच प्रथम ऐकले जाते.

ही कोरी जागा भरण्याचा एक चांगला प्रयत्न तिमोर-लेस्ते या देशात झाला. इंडोनेशियाला लागून असलेला हा छोटा देश २००२ साली स्वतंत्र झाला. तेथील बहुतेक मच्छीमार लहान होड्यांतून किनाऱ्यालगतच मासे धरतात; आपल्या कोकणातल्यासारख्या उलांडीच्या होड्याही त्यांत पुष्कळ. तेथील मत्स्य खाते व वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांनी मिळून 'पेस्कास' नावाची पद्धत उभी केली आणि २०१९ साली सरकारने ती देशभरासाठी स्वीकारली.

होडी लागली की किनाऱ्यावरचा गणक टॅब्लेटवर नोंद करतो: जाळे की गळ, माणसे किती, वेळ किती, कोणत्या जातीचे किती मासे आणि त्यांची लांबी. प्रत्येक मासा काट्यावर घालावा लागत नाही, हीच यातली मौज! मासा लांबीत वाढतो तसा रुंदीत आणि जाडीतही वाढतो; म्हणून त्याचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १५ सेंटिमीटरच्या माशापेक्षा त्याच जातीचा ३० सेंटिमीटरचा मासा दुप्पट नव्हे, सुमारे आठपट भरतो. पापलेटाचा हिशेब बोंबलाला लागू पडणार नाही हे उघड आहे, म्हणून जातवार गुणांक आधीच ठरवलेले असतात. पुढचे गणित यंत्र करते.

शिवाय काही होड्यांवर सूर्यप्रकाशावर चालणारी एक लहानशी डबी बसवतात. ती उपग्रहांच्या संकेतांवरून होडीची जागा टिपते आणि मोबाईलच्या टप्प्यात आली की माहिती पाठवते. त्यावरून होडी महिन्यातून किती वेळा समुद्रात गेली ते कळते. मग हिशेब शाळकरी राहतो: एका फेरीची सरासरी मासळी, गुणिले फेऱ्या, गुणिले एकूण होड्या.

पण गुणाकारात चूकही गुणली जाते. गणकाने कंटाळून लांबी दहा टक्के जास्त लिहिली, तर वजन सुमारे तेहेतीस टक्क्यांनी फुगते. गावात होड्या ४० आणि यादीत ३० असल्या, तर चौथा हिस्सा मासळी कागदावरून नाहीशी होते. टॅब्लेट कितीही उत्तम असो, त्याला ते कळणार नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे उन्हात वाळूवर उभा राहणारा तो गणकच.

या नोंदींचा उपयोग तेथे लगेच झाला. मासे सावलीला जमावेत म्हणून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तरंगती साधने नांगरून ठेवली होती. तेथे प्रवाळखडकांपेक्षा मासळी अधिक मिळते का, हे ठरवायला आता आकडे होते, आणि ते बहुतांशी साधनांच्या बाजूने निघाले.

एक अडचण मात्र गणिताबाहेरची. जाळे कोठे टाकावे, हे मच्छीमाराचे पिढीजात गुपित असते; सख्ख्या शेजाऱ्यालाही तो ते सांगत नाही. होडीवरची डबी नेमके तेच टिपते. साऱ्या देशाची बेरीज सर्वांना दिसावी हे ठीक, पण एकट्या होडीची वाट कोणी पाहावी, हे त्या होडीच्या मालकाला विचारूनच ठरले पाहिजे.