करवत सुरू करण्याआधी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, बागा आडव्या झाल्या आणि गावोगावी चेनसॉ धडधडू लागले. लुंगी नि स्लीपरवर ही करवत चालवणारे आजही दिसतात. पाहून पोटात गोळा येतो.

या कामाची खास पँट मिळते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली, की धागे बाहेर ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि पेट्रोलवरची करवत क्षणात अडते. बॅटरीच्या करवतीत मात्र त्यावर पूर्ण विसंबू नये. हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि जाळी, पोलादी टोपीचे बूट हवेतच. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर मफही.

सर्वांत घातक जागा म्हणजे पात्याच्या टोकाचा वरचा भाग. तो लाकडाला टेकला, की करवत थेट तोंडाकडे उसळते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळलेला असू द्या. खांद्याच्या वर करवत नेऊ नका.

पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या फांदीत ताण कोंडलेला असतो. कापताच ती फटकारते. फांद्यांत विजेची तार अडकली असेल, तर प्रवाह बंद केल्याचं वायरमन सांगेपर्यंत झाडाच्या जवळही जाऊ नका.