कॅमेऱ्याआधी कॅलेंडर बघा

आजचा विषय आहे समुद्रकिनारा आणि तिथले जीव फोनवर कसे टिपायचे. आता सास्तूरचा पोरगा समुद्रावर बोलतोय म्हटल्यावर काहीजण हसतील. बरोबरच आहे. आमच्या लोहारा तालुक्यातून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे माकणीचं धरण. पण लांबून जाणाऱ्यालाच एक गोष्ट नीट कळते. वर्षातून दोनच दिवस कोकणात मिळणार असतील, तर फोन कोणता यापेक्षा ते दोन दिवस कोणते, हे महत्त्वाचं. आणि ते दिवस घरातल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरमध्येच सापडतात.

कसं ते बघू. आपल्या किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरती आणि ओहोटीत अंदाजे सव्वासहा तासांचं अंतर, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त मागे हटतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात.

वेळ काढायला किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी रोज कोड लिहितो, पण इतका छोटा आणि कामाचा फॉर्म्युला क्वचित बघितलाय. अर्थात हा अंदाज झाला. मुंबईची आणि रत्नागिरीची वेळ थोडी वेगळी असते, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच.

आता खरी गंमत ऐका. उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, तेव्हाच ऊन कोवळं किंवा उतरतं असतं. फोटोवाल्याला आणखी काय पाहिजे? अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस, हे आपले दिवस. पावसाळा मात्र सोडून.

ओहोटीला खडकाळ किनारा उघडा पडतो. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, गोगलगायी दिसतात. यासाठी कोकणातच जायला हवं असंही नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून हाजीअली, जुहूसारख्या ठिकाणी लोकांना ओहोटीत फिरवून हेच जीव दाखवतो.

फोनचं तंत्र साधं आहे. डबक्यातल्या पाण्यावर आभाळ चमकतं, म्हणून आपली सावली पाण्यावर पाडा किंवा पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरा. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड किंचित कमी करा, म्हणजे पांढरी वाळू जळणार नाही. डिजिटल झूम टाळा, खाली बसा. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या रुमालाने घासू नका, मिठाने चरे पडतात. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने टिपा. आणि फोटोसाठी दगड उलटायचा नाही, जीव उचलायचा नाही.

आता जिवाची गोष्ट. भरती एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांतली चढ बारा भागांत मोजली, तर दर तासाला अंदाजे १, २, ३, ३, २, १ भाग पाणी चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती. एकूण चढ चार मीटर असेल तर दोन तासांत दोन मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. पहिल्या तासात पाणी हलल्यासारखं वाटत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. मागच्या घळीत पाणी भरलं की परतीची वाटच बंद. म्हणून ओहोटीच्या तळाआधी दीड तास पोहोचा, तळाच्या वेळेचा अलार्म लावा, आणि तो वाजला की शॉट कितीही भारी असो, मागे फिरा.

दुसरा जीव कासवाच्या पिल्लाचा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांसोबत २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे सोडतात. अंधुक उजेडात पिल्लू क्षितिजावरचा उजळ भाग बघून समुद्र ओळखतं. तुमचा फ्लॅश किंवा टॉर्च लागला, तर त्याच्यासाठी समुद्राची दिशाच बदलते. म्हणून फ्लॅश बंद, दोरीच्या बाहेर, आणि पिल्लू व पाणी यांच्या मध्ये कधीच नाही. फोटो थोडा काळपट आला तर येऊ द्या.

शेवटचा मुद्दा माझ्या धंद्यातला. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि, लोकेशन चालू असेल तर, जागाही लिहिलेली असते. तीच माहिती अभ्यासकाच्या कामाची आणि घरटं लुटणाऱ्याच्याही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सोबत जाते. उघड्यावरच्या घरट्याचं ठिकाण स्टेटसला टाकू नका. बाकी जिवांचे फोटो आयनॅचरलिस्ट या मोफत अ‍ॅपवर मूळ फाइलसह टाका. जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि जागा पुसट ठेवायची सोयही तिथे आहे. असा फोटो गॅलरीत पडून राहत नाही, किनाऱ्याच्या नोंदवहीत जातो.

तर मंडळी, सुट्टी टाकण्याआधी तिथी बघा. काय टिपलंत ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!