घरची तार तोडण्यापूर्वी

गेल्या वर्षी आषाढात सांगलीच्या गावभागातील आमच्या घरचे इंटरनेट सलग नऊ दिवस बंद होते. खांबावरून खांबावर ओढत आणलेली फायबरची काळी तार वादळात फांदी पडून तुटली होती. ती जोडणारा माणूस रोज ‘उद्या येतो’ म्हणत असे आणि तो उद्या काही उजाडत नसे. मात्र त्या नऊ दिवसांत घरचा व्यवहार म्हणावा तसा अडला नाही. मुलाने दहावीचा अभ्यास मोबाइलवर केला. यजमानांनी दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भरली. दहाव्या दिवशी तार जोडली गेली, तेव्हा यजमान म्हणाले, “आपल्या तिघांच्या मोबाइलला रोज दोन-दोन जीबी येतात. मग या तारेचे वेगळे पैसे कशाला भरायचे?”

प्रश्न रास्त होता. योजना ५९९ रुपयांची, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला सातशे सात रुपये. म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेआठ हजार. कन्या शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून घरातील वापरही उतरला होता. कंपनीच्या खात्यात पाहिले, तर महिन्याचा वापर १६० जीबीच्या आसपास दिसला. तीन मोबाइलचे रोजचे दोन-दोन जीबी धरले, तर महिन्याला १८० जीबी होतात. हिशेब चोख जुळला आणि महिनाअखेरीस आम्ही तारेची जोडणी बंद करून टाकली. हिशेबात काय राहून गेले, ते पुढे तीन आठवड्यांनी कळले. आज अनेक कुटुंबांत हाच विचार चालू असल्याने तो अनुभव वाचकांपुढे मांडत आहे.

तारेपासून टॉवरपर्यंत

आपल्या पिढीच्या मनात ‘घरचे इंटरनेट’ म्हणजे तार हेच समीकरण पक्के आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ती टेलिफोनच्याच तारेवरून येत असे. इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन गुंतलेला राही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या केली. पुढे तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०१६ नंतर ४जी सेवा अतिशय स्वस्त झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आली. आज देशातील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक मोबाइलवरचे आहेत. बहुसंख्य घरांत तार कधी आलीच नाही. ‘तार ठेवावी की काढावी’ हा प्रश्न आमच्यासारख्या, तारेची सवय झालेल्या घरांपुढेच उभा राहतो.

दुपारचे साडेतीन

सासूबाईंना आमच्या घरी सगळेच आक्का म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. मोबाइलची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत, म्हणून वन्संनी त्यांना मोठ्या पडद्याचा टॅब्लेट पाठवला आहे. त्यात सिमकार्ड घालण्याची सोय नाही. तो फक्त वायफायवर चालतो. वन्सं मेलबर्नला असतात. कामावरून परतून, स्वयंपाक उरकून रात्री आठ वाजता त्या आक्कांना व्हिडिओ कॉल करतात. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. त्या वेळी मी शाळेत, यजमान दुकानात आणि मुलगा शिकवणीला असतो. घरी आक्का एकट्या.

तार काढल्यावर टॅब्लेट मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून दिला. संध्याकाळी तो उत्तम चाले. आक्का प्रवचनही ऐकत. सकाळी दहा वाजता मी शाळेला निघाले, की माझ्या पर्समधून घरचे इंटरनेटही माझ्याबरोबर बाहेर पडत होते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आक्कांनी ती कधी बोलून दाखवली नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत वन्संचा मला फोन आला. आवाज घाबरा होता. “वहिनी, आक्का बरी आहे ना? तीन आठवडे झाले, दुपारी लावते तर लागतच नाही. घरचा फोनही बंद येतो.” मी त्यांना धीर दिला आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन घरी आले. आक्का सोप्यातल्या खुर्चीवर चष्मा लावून, केस सारखे करून बसल्या होत्या. समोर टॅब्लेट उभा होता आणि त्यावर जोडणी शोधणारे गोल चाक फिरत होते. मला पाहून त्या म्हणाल्या, “काही नाही गं, चाक फिरतंय. थांबंल आपोआप. तिला काम असंल.”

तीन आठवडे त्या रोज साडेतीन वाजता अशा बसत होत्या.

चुकलेला हिशेब

त्या रात्री आम्ही तिघे बसलो आणि आपला हिशेब कोठे चुकला ते पाहिले. पहिली चूक अशी, की तार घराची असते आणि सिमकार्ड माणसाचे. तारेने आलेले इंटरनेट घरात असलेल्या प्रत्येकाचे असते, मग तो म्हातारा असो, पाहुणा असो वा लहान मूल. मोबाइलवरचे इंटरनेट ज्याच्या खिशात, त्याचे. ज्याच्याजवळ स्वतःचा मोबाइल नाही, तो या बदलात आपोआप बाहेर राहतो. आणि बहुधा तोच तक्रार न करणारा असतो.

दुसरी चूक बेरजेची. तिघांचे मिळून १८० जीबी ही बेरीज कागदावरची होती. यजमानांचे रोजचे दोन जीबी निम्मेही संपत नसत; उरलेले मध्यरात्री वाया जात. मुलाच्या मोबाइलवरचे मात्र रात्री आठलाच संपत, कारण टीव्ही त्याच्या हॉटस्पॉटवर चाले आणि चांगल्या प्रतीच्या चित्रासाठी तासाला एक ते तीन जीबी लागतात. एकाचे उरलेले दुसऱ्याला मिळत नाहीत. दिवसाचा वाटा संपला, की वेग बहुधा ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे २००४ च्या व्याख्येचाही चौथा हिस्सा. त्या वेगाने एक मेगाबाइटचे छायाचित्र यायला दोन मिनिटे लागतात. जाहिरातीतील ‘अमर्याद ५जी’ हे ५जी चालणाऱ्या हँडसेटलाच आणि ५जीची रेंज असेल तेथेच लागू होते, हेही त्या रात्री आम्ही पहिल्यांदा नीट वाचले.

घरात राहणारे सिमकार्ड

तार पुन्हा घ्यावी, असे माझे मत होते. मुलाने दुसरा मार्ग सुचवला. सिमकार्ड घालून चालणारा छोटा राउटर मिळतो. तो घरातच राहतो आणि साध्या वायफायसारखा सगळ्यांना इंटरनेट देतो. आम्ही सव्वीसशे रुपयांचा राउटर आणला आणि नवे सिमकार्ड आक्कांच्या नावाने घेतले.

पहिल्या दिवशी तो माजघरात, जुन्या राउटरच्या फळीवर ठेवला. तेथे काहीच चालेना. आमचे घर जुने; भिंती दीड हात जाडीच्या, दगड-चुन्याच्या. मोबाइलच्या लहरी सगळ्या सारख्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी कंपनसंख्येच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांवरून माहिती कमी वाहते. ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरींवरून माहिती भरपूर वाहते, पण जाड भिंतीपुढे त्या हात टेकतात. तारेचे इंटरनेट भिंतीला भोक पाडून आत येत होते. हे खिडकीतूनच येणार. शेवटी राउटर माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, तेव्हा रेंज मिळाली. आणि ती खाली सोप्यात पोहोचावी म्हणून जिन्याच्या तोंडाशी वायफाय पुढे नेणारे एक जोडयंत्र बसवले.

दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. टॉवरची क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते, म्हणून रात्री नऊच्या सुमारास वेग दुपारच्या तुलनेत निम्म्यावर येतो. दुपारी साडेतीनला मात्र तो उत्तम असतो आणि आम्हाला गरज तेव्हाचीच होती. दुसरे असे, की वीज गेली की राउटर बंद पडतो. त्यासाठी बॅटरीचा छोटा यूपीएस लावला. अर्थात महापुरात टॉवरचीच वीज आणि डिझेल संपले तर मोबाइलही मुका होतो, हे २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना सांगायला नको.

खर्चाचेही सांगते. रोज दोन जीबीचा रिचार्ज ३४९ रुपयांचा, पण त्याचा महिना २८ दिवसांचा. म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज, म्हणजे ४,५३७ रुपये. तारेच्या तुलनेत वर्षाला सुमारे चार हजार वाचतात. राउटर, जोडयंत्र आणि यूपीएस यांची किंमत वजा केल्यावर पहिल्या वर्षी हाती विशेष काही राहत नाही. तारेचे बिल चार दिवस उशिरा भरले तरी चालत असे. येथे मुदत संपली, की मध्यरात्री घर गप्प होते. म्हणून रिचार्जची तारीख आता दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेली असते. एक तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी पुरतो. घरचे दोन जीबी आक्का आणि अभ्यास यांच्यासाठी राखले. टीव्ही पुन्हा डिशवर गेला.

जुना नंबर

एक हानी मात्र भरून आली नाही. तारेबरोबर घरचा दूरध्वनीही गेला. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. घरच्या दूरध्वनीला ती नाही. तो नंबर आमच्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ होता. लग्नाच्या पत्रिकांवर, दुकानाच्या पावत्यांवर, नातेवाइकांच्या भिंतींवर लिहिलेला. आक्कांना पाठ असलेला तो एकच नंबर.

एका रविवारी आक्कांची जुनी डायरी घेऊन बसलो. त्या नावे सांगत होत्या आणि मी फोन लावून आमचा नवा नंबर कळवत होते. त्रेचाळीस नावे होती. त्यांतील अकरा जणांचे नंबर आमच्यासारखेच बंद झालेले निघाले, आणि सात जण आता हयात नाहीत हे फोन केल्यावर समजले. आक्कांनी प्रत्येक नावापुढे स्वतःच्या हाताने खूण केली. हे काम तार तोडण्याआधी करायला हवे होते.

कोणी तार ठेवावी?

आमच्या शेजारच्या घरातील सून संगणक क्षेत्रात असून घरूनच काम करते. दिवसभर बैठका, मोठमोठ्या फाइली पाठवणे. मोबाइलवर माहिती येण्याचा वेग चांगला असला, तरी पाठवण्याचा वेग बराच कमी असतो आणि तो स्थिरही नसतो. त्यांनी तार काढणे म्हणजे पोटावर पाय आणणे. ज्यांच्या घरी चार-पाच जण एकाच वेळी पडद्यासमोर असतात, किंवा घरचा कॅमेरा बाहेरगावाहून थेट आपल्या जोडणीच्या पत्त्यावर पाहिला जातो, त्यांनीही तार ठेवावी. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे अशी थेट जोडणी होत नाही. मधला मार्ग म्हणून २०२३ पासून एअरटेल आणि जिओ यांनी ‘एअरफायबर’ सेवा आणली आहे. तीत घराबाहेर बसवलेले यंत्र ५जीच्या लहरी घेते आणि आतील राउटरला देते, त्यामुळे जाड भिंतींची अडचण राहत नाही. मात्र आपल्या घरावर तिची रेंज आहे का, हे आधी पाहावे लागते.

बदल करायचाच असेल, तर निदान एक महिना दोन्ही जोडण्या सोबत चालवाव्यात. त्या महिन्यात प्रत्येक खोलीत, दुपारी आणि रात्री नऊला, वेग तपासावा. घरचा नंबर ज्यांच्याकडे आहे, त्यांना नवा कळवावा. जोडणी बंद केल्याची लेखी पोच घ्यावी, कंपनीचे यंत्र परत करावे आणि अनामत रक्कम असल्यास मागून घ्यावी. आणि सर्वांत आधी, घरातील सगळ्यांनी एकत्र बसून एकेकाला विचारावे, की तुला इंटरनेट कधी लागते आणि कशासाठी. आम्ही तिघांना विचारले होते. चौथ्या माणसाला विचारायचे राहिले, कारण त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता.

आता दुपारी साडेतीनला टॅब्लेट वाजतो. परवा मला सुट्टी होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. वन्संनी विचारले, “आक्का, नवं इंटरनेट कसं आहे?” आक्का म्हणाल्या, “माझ्या नावाचं आहे.”