क्लाउड सेवांचे अनपेक्षित देयक : स्वरूप आणि उपाय

सर्व्हर विकत घेण्याऐवजी तासाच्या दराने भाड्याने घेण्याची सोय ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २००६ मध्ये उपलब्ध करून दिली. आज ही पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही आढळते. मात्र खाते उघडताना बहुधा एखादा अध्यापक स्वतःचे क्रेडिट कार्ड देतो. प्रात्यक्षिके संपतात, सर्व्हर 'बंद' केला जातो, आणि तरीही पुढील महिन्यात देयक येते. ते कशाचे, हे प्रस्तुत लेखात उपरोक्त कंपनीच्या सेवांच्या आधारे स्पष्ट करावयाचे आहे.

गोंधळाचे मूळ 'बंद' या शब्दात आहे. 'स्टॉप' केल्याने केवळ संगणनाचे भाडे थांबते. त्या सर्व्हरला जोडलेली डिस्क जागा अडवून असते आणि तिचे भाडे चालूच राहते. राखून ठेवलेल्या स्थिर आयपी पत्त्याचेही तसेच. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यास तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे तीस दिवसांस ३.६० डॉलर आकारले जातात. रक्कम किरकोळ खरी. परंतु 'नॅट गेटवे' नामक घटक व्हर्जिनिया विभागात तासाला ०.०४५ डॉलर दराने, कोणी वापरो वा न वापरो, महिन्यास सुमारे ३२ डॉलर घेतो. शिवाय सर्व्हरची यादी विभागवार दिसते. मुंबई विभाग उघडून पाहणाऱ्यास व्हर्जिनियात राहून गेलेला सर्व्हर दिसतच नाही. देयकाच्या पानावर मात्र विभागनिहाय तपशील मिळतो. म्हणून शोध तेथूनच सुरू करावा.

दुसरा गैरसमज मर्यादेविषयी. 'बजेट' निश्चित केले म्हणजे खर्च तेथे थांबेल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती केवळ सूचना होय; तीही काही तास उशिरा येते, कारण खर्चाची नोंद दिवसातून फार तर तीनदा अद्ययावत होते. सर्व्हर आपोआप थांबावा अशी योजना वेगळी करावी लागते.

अर्थात प्रत्येक देयकात दोष नवशिक्याचाच असतो, असे नव्हे. २०२४ मध्ये एका वापरकर्त्याच्या रिकाम्या, खाजगी 'एस३' साठ्यावर परक्यांकडून एका दिवसात सुमारे १० कोटी विनंत्या आल्या. त्या नाकारल्या गेल्या, तरी देयक १३०० डॉलरांवर गेले. टीकेनंतर मे २०२४ मध्ये कंपनीने अशा अनधिकृत विनंत्यांची आकारणी थांबविली.

देयक आल्यावर घाईने कार्ड रद्द करणे किंवा खाते बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने थकबाकी मिटत नाही. प्रथम चालू घटक 'टर्मिनेट' करावेत, डिस्क, तिच्या प्रती व आयपी पत्ते स्वतंत्रपणे तपासून काढून टाकावेत आणि नंतर देयक विभागाकडे विनंती नोंदवावी. पहिल्या चुकीबाबत सवलत मिळू शकते. मात्र तो कंपनीचा विवेकाधिकार आहे, वापरकर्त्याचा हक्क नव्हे.

नव्या खात्यांना जुलै २०२५ पासून विनामूल्य योजना निवडता येते. तीत सहा महिने उलटल्यास अथवा दिलेली जमा रक्कम संपल्यास खातेच बंद होते, कार्डावर आकारणी होत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी तीच अधिक सुरक्षित. तथापि त्यांचे काम मुदतीपूर्वी अन्यत्र उतरवून घेतलेले असावे.