नळ गळतोय? आधी पाणी बंद, मग पाना



आज नळाविषयी बोलायचं आहे. नळ गळतो हे सांगायला रेडिओवर कशाला यायचं, असं कुणाला वाटेल. पण आपल्या देवगाव फाट्याच्या आसपास, सेलूकडे जा नाहीतर जिंतूरकडे, नळाला रोज पाणी येतं असं म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. चार दिवसाआड येतं, उन्हाळ्यात आठ दिवसाआडही येतं. ते आपण जिवाचा आटापिटा करून टाकीत, रांजणात, हंड्या-कळशांत भरतो. आणि त्याच भरून ठेवलेल्या पाण्याला रात्रभर टपटप गळू देतो.

आज झोपण्याआधी एक करून बघा. गळक्या नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवा आणि घड्याळ बघा. तांब्या तासाभरात भरला, तर दिवसाचं पाणी झालं २४ लिटर. पुढचं पाणी आठ दिवसांनी येणार असेल, तर तोवर १९२ लिटर गेलं. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे तुमची ती तोटी घरातल्या जवळजवळ अर्ध्या माणसाचं पाणी पिते, तेही अंघोळ न करता!

आता माझीच फजिती सांगते. आमच्या न्हाणीतली तोटी कित्येक दिवस गळत होती. एका नळासाठी कारागीर सेलूहून यायला तयार होईना, आला तरी येण्याजाण्याचे पैसे वेगळे. म्हटलं, आपणच करू. पाना लावला आणि दिला जोर. तोटी फिरली नाही, भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो तडकला. धावत गच्चीवर गेले, तर टाकीखालचा कॉक गंजून घट्ट बसलेला. पाचशे लिटरची टाकी डोळ्यांदेखत रिकामी झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हंडा घेऊन विहिरीकडे निघाल्या. ते जास्त लागलं.

म्हणून पहिली गोष्ट पाना नाही, कॉक. तुमच्या टाकीखालचा कॉक कुठे आहे, तो फिरतो का, हे आज बघून ठेवा. महिन्यातून एकदा बंद-चालू केला की तो आखडत नाही. कॉकच नसेल, तर टाकी तळाला जाईल त्या दिवशी काम काढा. आणि नळ थेट गावाच्या लाइनवर असेल, तर आपल्याकडे एक सोय आहेच: पाणी येत नाही ते सगळे दिवस दुरुस्तीचे!

आता तोटीच्या पोटात काय असतं ते बघू. जुनी पितळी, तीन-चार फेरे फिरवायची तोटी घ्या. तिच्या आत एक दांडी असते, तिला दुकानात स्पिंडल म्हणतात. दांडीच्या खालच्या टोकाला रबराची चकती, म्हणजे आपलं वायसर. आपण तोटी फिरवतो तेव्हा दांडी खाली उतरते आणि वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसतं. विहिरीच्या मोटारीचा व्हॉल्व असो की न्हाणीतला नळ, झाकण दाबून भोक बंद करायचं, एवढीच ती युक्ती. इंग्लंडात रॉदरहॅमच्या कारखान्यात १८४५ साली अशी फिरवून बंद करायची तोटी बनली, आणि पितळी तोटीचं पोट अजून तसंच आहे. म्हणून ती एकदा उघडून बघितली की पुन्हा भीती वाटत नाही.

तोंडातून टपटप होत असेल तर दोष बहुतेक वायसरचा असतो. पाणी बंद करा, तोटी उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. खाली मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर बारका स्क्रू गटारात जाईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. मुठीवरची टिकली काढा, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढून काढा. मग वरचा मोठा नट पान्याने सोडवा, घड्याळाच्या काट्याच्या उलट्या बाजूला. दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरून ठेवायचं, नाहीतर सगळा जोर भिंतीवर जातो. माझं तिथंच चुकलं होतं.

स्पिंडल बाहेर आलं की वायसर दिसेल. त्यावर गोल खाच पडलेली असेल किंवा ते दगडासारखं कडक झालेलं असेल. ते तसंच मुठीत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. ‘अर्ध्या इंची नळाचं वायसर द्या’ म्हटलं तरी देतात, पण नमुना दाखवला की परत फेरी पडत नाही. दोन-चार जास्तीची घ्या, चहाच्या पैशात येतात. आमच्याकडे पूर्वी सायकलच्या ट्यूबचं कापून बसवायचे. चालतं, पण ती ट्यूब पातळ, लवकर दबते. अडल्या वेळी ठीक.

परत बसवताना एक लक्षात ठेवा. स्पिंडल आधी उघड्या बाजूला फिरवून, वर घेऊन मगच नट आवळा. तसं केलं नाही तर नवं वायसर बसवतानाच चेंगरतं. आणि नवं घालूनही गळत राहिलं, तर बोट आत घालून भोकाची कड चाचपा. खरखरीत लागली, खाच लागली, तर पितळच झिजलंय. मग वायसरवर पैसे घालू नका, तोटी बदला.

वायसर इतक्या लवकर का जातं? आपल्या हातामुळे. तोटी बंद झाली तरी आपण आणखी एक पीळ देतो, मग पुढचा माणूस त्याहून घट्ट. खरं तर गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याला जोर फारसा नसतो. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब येतो. आपली टाकी तीन-चार मीटर वर. एवढ्याला दोन बोटांचा जोर पुरतो.

पाणी तोंडातून न येता मुठीच्या बुडातून झिरपत असेल तर वायसरला हात लावू नका. मुठीखाली जो नट असतो, ग्लँड नट, तो पाव फेरा आवळून बघा. थांबलं नाही तर पाणी बंद करून तो नट सोडवा, दांडीभोवती टेफलॉनची टेप दोरीसारखी पिळून गुंडाळा आणि नट परत बसवा.

भिंतीजवळच्या आट्यांतून पाणी येत असेल तर तोटी पूर्ण काढून टेप नव्याने लावायची. आटे आपल्याकडे करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना ती उकलून येते. आवळून झाल्यावर तोंड वाकडं राहिलं म्हणून तोटी मागे फिरवू नका, टेप सैल होते. सगळी काढा, दोन वेढे वाढवा, पुन्हा बसवा. कंटाळवाणं आहे, पण तसंच आहे.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या चकचकीत तोट्यांत वायसर नसतं, चिनी मातीच्या गुळगुळीत दोन चकत्या असतात. त्यात रेती अडकली की चरे पडतात. आतला भाग अख्खा बदलून मिळतो, तोच मागायचा. साधी प्लास्टिकची तोटी मात्र उघडत बसू नये, नवी लावावी.

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तोटीच्या जाळीवर पांढरा थर बसतो आणि धार बारीक होते. जाळी काढून लिंबूसत घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. नळाची चमक जाते आणि हाताची कातडीही.

आता ज्यासाठी मी खरं तर आज आले, ते. गावात कितीतरी नळांना तोटीच नाही. पाणी येतं तेव्हा पाइप मोकळा वाहतो. टोकाच्या घरांना धार मिळत नाही, मग ते अंगणात खड्डा खणून पाइप खाली घेतात, तोंड खड्ड्यात. पाणी यायचं थांबलं की लाइन रिकामी होताना उलटी ओढ घेते, आपण नळीने ताक ओढतो तशी. खड्ड्यात जे साचलेलं असेल, धुण्याचं, भांड्यांचं, गटाराचं, ते आत जातं. कुणी लाइनला मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते आणि गळक्या सांध्यांतूनही घाण शिरते. पुढच्या पाण्याला ते सगळ्यांच्या हंड्यात. जुलाब, कावीळ पसरायला एवढं पुरतं, आणि लेकराला सलाइन लावून बसायची वेळ येते ती आपल्यावरच.

म्हणून पाइपाचं तोंड खड्ड्याच्या कडेच्या वर घ्या आणि त्याला तोटी बसवा. वर घेतल्याने पाणी चढत नसेल, तर ती तक्रार ग्रामपंचायतीत लेखी द्या. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असाव्या असा नियम आहे. आपल्या गावच्या समितीत कोण बायका आहेत, त्यांना बैठकीला बोलावतात का, की सही घरी आणून घेतात, हे विचारा. जलसुरक्षकाने पाण्यात टीसीएल टाकलं की नाही हेही विचारा. पाणी आल्यावर पहिली दोन बादल्या धुण्याला किंवा झाडांना घ्या, पिण्याचं नंतर भरा.

काम झाल्यावर तपासायचं कसं? प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद किंवा वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि कॉक हळूहळू उघडा. तासाभराने कागद ओला नसेल तर जमलं. ओला असेल तर कुठे ओला आहे ते बघा, तिथंच पाव फेरा आवळा. थेट लाइनवरच्या नळाला हीच पट्टी पाणी येईल त्या दिवशी लावा, आणि तेवढा वेळ घरात कुणीतरी थांबा.